५०८० का ५०९०? गावात राहून साडेतीन लाखाचा गेमिंग लॅपटॉप घ्यावा का नाई

पऱ्हाटी_प्लेयर (तालुका दारव्हा, यवतमाळ)

राम राम राजेहो. पहिले परिस्थिती सांगतो मंग प्रश्न, थोडं लांबन पन वाचा. मी पुन्याच्या एका आर्किटेक्चरवाल्या ऑफिससाठी घरूनच काम करतो, बंगल्याचे फ्लॅटचे थ्रीडी व्ह्यू, ब्लेंडर आन अनरियल या सॉफ्टवेअरमधी. तीन महिन्यातून एखादा आठवडा पुन्याले जा लागते म्हनून डेस्कटॉप जमत नाई. सध्याचा लॅपटॉप ३०६० ग्राफिक्स कार्डवाला, कार्डाची मेमरी ६ जीबी, तो आता मोठा सीन उघडला का मेमरी संपली म्हनते आन बसते डोये मिटून. रात्री जेवन झालं का दोन घंटे गेम. मित्रायसोबत व्हॅलोरंट, आन एकटा असलो का सायबरपंक, जे मी सध्या अशा सेटिंगवर खेळतो का समोर मानूस हाय का खांब ते जवळ गेल्याशिवाय समजत नाई.

बजेट साडेतीन लाख, लयच ताणलं तं चार. डोक्यात लेनोवोचा लीजन प्रो ७आय हाय ५०८० कार्डवाला, आसुसचा स्ट्रिक्स स्कार १६ हाय तोही ५०८० वाला, नाईतं ओढाताण करून कोनाचातरी ५०९०. पहिल्या दोघायचा प्रोसेसर एकच, कोअर अल्ट्रा ९ २७५एचएक्स, स्क्रीनही सारखी १६ इंच २५६० बाय १६०० आन २४० हर्ट्झ, फक्त लीजनची ओलेड आन स्कारची मिनी एलईडी. यूट्यूबवरचे सगळे व्हिडिओ पाहून झाले पन ते सगळे एसीच्या खोलीत बसून टेस्ट करतात, आपल्या इकडं मे महिन्यात ४५, पंखा लावला तं आंगावर भट्टीची हवा येते. लाईनचं तं बोलूच नका.

बाबाले सांगतलं तं म्हने साडेतीन लाखात दोन बैलजोड्या येतात बापा, आन बैल हँग होत नाई.

कोनी गावात राहून असं मोठं मशीन वापरत असन तं सांगा. शहरवाल्यायनंही सांगा, पन उन्हाया लक्षात घेऊन सांगा.


वॅटवाला (अमरावती)

भाऊ तू मॉडेलचं नाव पाहून राह्यला, पहिले वॅट पाहा. लॅपटॉपमधलं ५०८० म्हणजे एक ठरलेली वस्तू नसतेच. हे कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियानं लॅपटॉप ५०८० साठी ८० पासून १५० वॅटपर्यंत रेंज दिली आहे, वरून २५ चा डायनॅमिक बूस्ट (गरज पडली की मिळणारे जास्तीचे वॅट), आता कंपनीनं बारीक बॉडीत बसवून ८०-९० दिले तरी डब्ब्यावर ५०८० च लिहून येते आणि १७५ दिले तरी ५०८० च. विहिरीवर मोटर तीच पाच एचपीची, पण पाईप दीड इंचाचा टाकला का तीन इंचाचा त्यावर पाणी ठरते ना, तसं. तू म्हणतोस ते दोन्ही मॉडेल पूर्ण १७५ वाले आहेत, त्यामुळे तिथं फसगत नाही. पण सेलमध्ये कोणी पातळ सुंदर मॉडेल स्वस्तात दाखवलं तर स्पेसिफिकेशनमध्ये टीजीपी (कार्डाला मिळणारे वॅट) शोध, लिहिलेला नसेल तर पुढं चाल.

आता ५०९० चं. हे नाव पाहून लोक फसतात. डेस्कटॉप ५०९० ला २१७६० कोअर (काम करणारे बारीक भाग), ३२ जीबी आणि ५७५ वॅट. लॅपटॉप ५०९० ला १०४९६ कोअर, २४ जीबी आणि तेच १७५ वॅट. चिप तर डेस्कटॉप ५०८० चीच आहे, नाव मोठ्या भावाचं. लॅपटॉप ५०८० ला ७६८० कोअर आणि १६ जीबी. म्हणजे ५०९० मध्ये कोअर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढले पण खुराक तेवढाच, दोन बैलांचा चारा तिघांत वाटल्यासारखं, म्हणून गेममध्ये फरक त्या मानानं पडत नाही. पैसे मात्र लाखभर जास्त.

५०९० घ्यायचं खरं कारण एकच, ते २४ जीबी. म्हणून मला सांग तुझा सर्वात मोठा सीन किती व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) खातो? ऑफिसच्या पीसीवर उघडून रेंडर लाव आणि टास्क मॅनेजरमध्ये पाहा. १० च्या आत असेल तर ५०७० टीआय पण पुरते, तिला १२ जीबी आहे, वॅट ११५ आणि २५ मिळून १४०. साधं ५०७० घेऊ नको, त्याला ८ च जीबी दिली आहे, तुझ्या कामाला आजच कमी.


ताडोबाचा_वाघोबा (चंद्रपूर जिल्हा)

वरच्या भाऊनं बरोबर सांगतलं, आता उन्हायाचं माह्याकडून आईक, हा इषय आमचा. बहुतेक लॅपटॉप ३५ डिग्रीपर्यंतच्या खोलीसाठी बनवले राह्यतात, मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिवून राह्यते, कोनी वाचत नाई. आमच्या घरात दुपारी ३९-४० राह्यते, टिनाचं छत. खोली जेवढी तापली तेवढाच प्रोसेसर वर जाते, सरळ हिशोब हाय. २२ च्या खोलीत यूट्यूबवाल्याले ८५ दिसते ना, ते तुह्याकडं १०० ले टेकते आन मंग मशीन आपोआप स्पीड कमी करते. हा प्रोसेसर १०५ पर्यंत सहन करते पन त्याच्या आधीच फॅन असा ओरडते का घरच्यायले वाटते चक्की लावली.

मी कराचो काय तं लॅपटॉप कूलरच्या तोंडासमोर ठेवाचो. ताजमहाल बांधल्यासारखा खूश होतो मी. हवा थंडगार, टेम्परेचर धाडकन खाली. दीड महिन्यानं कीबोर्डच्या दोन कीज चिकटल्या, उघडून पाह्यलं तं हीटसिंकवर (गरमी बाहेर काढनारी धातूची जाळी) पांढरी पांढरी खर. कूलरमधी आपन बोअरचं पानी टाकतो, चंद्रपूरचं पानी म्हंजे चुन्याची निवळी, त्याचे बारीक थेंब हवेसंग जाऊन आत वाळत होते. म्हनून कूलर खोली गार कराले ठेव, लॅपटॉपवर नको मारू, सहा-सात फूट दूर आन तिरपा. आन समोरची खिडकी उघडी ठेवजो, बंद खोलीत कूलर लावला का दमट होते आन मंग ना मानसाले सुख ना मशीनले.

फ्रेम लिमिट लाव, म्हंजे सेकंदाले किती चित्रं काढाची त्याची मर्यादा. २४० हर्ट्झची स्क्रीन हाय म्हनून २४० फ्रेम काढलेच पायजे असा कायदा नाई. सायबरपंक ८० वर लॉक केलं का आवाज अर्धा. मागून दोन इंच उचलून ठेव, दोन फरशीचे तुकडे पुरतात, दोन हजाराचा कूलिंग पॅड मी घेतला होता तो आता आमच्या मांजरीचा पलंग हाय.


पऱ्हाटी_प्लेयर

@वॅटवाला ऑफिसच्या पोराले सीन उघडून पाहाले लावला. मोठावाला सीन, झाडं गवत सगळं चालू ठेवून, ११ जीबीच्या वर खाऊन राह्यला. म्हंजे १२ वाली काठावर पास, बरोबर ना? दोन वर्सात सीन वाढनारच.

@ताडोबाचा_वाघोबा मांजर पाठवून दे, पॅड राहू दे. आमचंही पानी तसंच हाय, मी आताही कूलरसमोरच बसून टाईप करून राह्यलो होतो, उठलो.


वॅटवाला

हो, १२ काठावर. विंडोज आणि ब्राउझर पण थोडी व्हीरॅम खातात, म्हणून ५०८० ची १६ जीबी तुला योग्य. ५०९० चा विषय माझ्या मते इथंच संपला.


वायरमनचा_पोट्टा (वणी)

आता लाईनचं बोलू, काहून का साडेतीन लाखाचं मशीन गावात उन्हानं कमी आन लाईननं जास्त मरते. माह्या वडिलाची सगळी नोकरी खांबावर गेली, मी ल्हानपनापासून हेच आईकत आलो.

लोकायले वाटते कमी व्होल्टेजनं मशीन जळते. तुह्या अॅडॉप्टरवर वाच, १०० ते २४० व्होल्ट लिवलं राह्यते. संध्याकायी सगळ्यायच्या मोटरी चालू होऊन १६० झाले, ट्यूबलाईट फडफडली, तरी लॅपटॉपले काही फरक नाई, ते चालते. म्हनून स्टॅबिलायझरवर पैसे नको घालवू. खरा धोका वरचा हाय. डीपीवरचा न्यूट्रल (परतीची तार) तुटला का तुह्या घरात २३० च्या जागी ३५०-४०० पन येऊ शकते. वादळी पाऊस झाला, फांदी पडली, न्यूट्रल गेला, आन एका झटक्यात आळीतले सगळे टीव्ही, मोबाईलचे चार्जर, सेट टॉप बॉक्स धूर सोडतात. हे म्या डोयानं पाह्यलं, एका रात्री अकरा घरचे टीव्ही. स्पाईक गार्डची पट्टी इथं काही कामाची नाई, ते झटक्यासाठी राह्यते, मिनिटभर ४०० आले का तेच जयते. मीटरच्या बाजूले व्होल्टेज प्रोटेक्टर बसव, जे २६०-२७० च्या वर गेलं का सगळी लाईन तोडते आन नीट झाली का आपोआप जोडते. हजार-दोन हजारात काम होते. आभाय गडगडलं का पिन काढून ठेव, त्यापेक्षा भारी यंत्र अजून निंघालं नाई.

दुसरं अर्थिंग. लॅपटॉपच्या धातूच्या झाकनावर हात फिरवला तं मुंग्या येतात का तुले, बारीक करंट लागल्यासारखं? ते अॅडॉप्टर खराब म्हनून नाई, तीन पिनमधली मोठी पिन तुह्या घरात कुठंच जोडली नाई म्हनून. गावात निम्म्या घरायत थ्री पिनच्या बोर्डाले मांगं वायरच नसते. अर्थिंग कर नवीन, आन उन्हायात त्या खड्ड्यात आठवड्याले बादलीभर पानी टाकजो, माती वाळली का अर्थिंग नावाले राह्यते.

तिसरं इन्व्हर्टर. लीजनचा अॅडॉप्टर ४०० वॅटचा, स्कारचा ३८०. पूर्न ताकदीनं गेम लावला का भिंतीतून ३०० च्या आसपास ओढन. तुही बॅटरी १५० एएच ची असन, १२ गुना १५० म्हंजे कागदावर १८०० वॅट-अवर. लॅपटॉप, एक पंखा, राऊटर, एक बल्ब मिळून ४०० धर. कागदावर साडेचार घंटे. पन ते १५० हे वीस घंट्यात हयूहयू काढलं तं भेटनारं १५० हाय, तू ४० अँपियरनं उपसशीन तं बॅटरी तेवढं देत नाई, वरून इन्व्हर्टरची खाबुगिरी. दोन घंटे पकड, जुनी असन तं एक. आन इन्व्हर्टर साईनवेव्ह पायजे, जुना स्क्वेअर वेव्हवाला असन तं एवढे मोठे अॅडॉप्टर त्याच्यावर गुनगुन करतात, कधी चालूच होत नाई. साईनवेव्ह असन तं मांगं एक बटन राह्यते, इको आन यूपीएस, ते यूपीएसवर कर, लाईन गेल्यावर पटकन पलटते.


डेस्कटॉप_जिंदाबाद (सध्या पुणे, मूळ वाशिम)

सगळं वाचलं. एवढा खटाटोप करण्यापेक्षा साडेतीन लाखात डेस्कटॉप बांध ना यार. ५०७० टीआय डेस्कटॉपवाली घेतलीस तरी १६ जीबी मिळते आणि तिला ३०० वॅट मिळतात, थंड राहते, आवाज नाही, उद्या बिघडलं तर एक पार्ट बदलायचा. पुण्याला यायचं तेव्हा साधा लॅपटॉप आण आणि रिमोटनं घरचा पीसी चालव.


ताडोबाचा_वाघोबा

रिमोटनं चालवन म्हने. इकडून लाईन गेली का तथी पुन्यात हा कोनाले फोन लावन, बैलाले?


डेस्कटॉप_जिंदाबाद

बरं बाबा, तो मुद्दा मान्य 😄 माझ्या आईला मी वाशिमला फोन करून राऊटर बंद-चालू करायला सांगतो तेव्हा काय होतं ते मला माहीत आहे.


वायरमनचा_पोट्टा

डेस्कटॉपले आनखी एक भानगड हाय, लाईन गेली तं गेलाच, रेंडर पहिल्यापासून. लॅपटॉपमधी बॅटरी हेच यूपीएस. पन एक समजून घेजो, बॅटरीवर हा १७५ वॅटचा पहिलवान राहत नाई, एकदम मरियल होते. लीजनमधी ९९ वॅट-अवरची बॅटरी येते, स्कारमधी ९०. विमानात १०० च्या वर सहज नेऊ देत नाई म्हनून सगळ्या कंपन्या १०० च्या आतच थांबतात. त्याच्यावर गेम एक घंटा चालला तरी नशीब समज. फाईल सेव्ह करून इन्व्हर्टर चालू करेपर्यंत तग धरते, तेवढंच त्याचं काम.


जिनिंग_प्रेसिंग (अकोट, अकोला)

उशिरा आलो पण एक गोष्ट कोणीच नाही लिहिली म्हणून लिहितो. भाऊ तुझं नावच पऱ्हाटी आहे, म्हणजे दिवाळीनंतर घरात कापूस राहणारच. आमच्याकडं तर भाव वाढायची वाट पाहत मार्चपर्यंत समोरची खोली छतापर्यंत भरलेली राहते, लहान पोट्टे त्याच्यावर उड्या मारतात, आणि मी त्याच्याच बाजूच्या खोलीत गेमिंग करायचो. माझ्याकडं एसरचा जुना हीलिओस लॅपटॉप होता, ३०७० वाला. एका हिवाळ्यात, हो हिवाळ्यात, मशीन ९७ डिग्रीवर जायला लागलं, थंडीत! मला वाटलं प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकली. खालचं झाकण उघडलं, पंखे वरून तर स्वच्छ दिसत होते. मग पंखा काढला, तर पंखा आणि हीटसिंकच्या जाळीच्या मधात गादीच्या अस्तरासारखा थर. पांढरा नाही, मळकट राखाडी. चिमट्यानं एका कोपऱ्यातून धरून ओढला तर अख्खी पट्टी एका तुकड्यात निघाली, बोटभर लांब, नमदा असतो ना तशी दाबून बसलेली. आईनं हातात घेऊन पाहिली आणि म्हणे याची तर वात होईल. बदलली काहीच नाही, फक्त तेवढी पट्टी काढली आणि तोच गेम ८१ वर.

म्हणून माझं मत स्कारकडं आहे आणि कारण स्क्रीन नाही की प्रोसेसर नाही. २०२५ च्या स्कारचं खालचं झाकण बिना स्क्रूड्रायव्हरचं निघते, एक खटका सरकवला की झालं. लीजनमध्ये स्क्रू आणि वरून प्लास्टिकचे लॉक, ते काढताना दरवेळी जीव वर-खाली. पुण्या-मुंबईत वर्षातून एकदा साफ करणाऱ्याला काही फरक नाही पडत, पण तुला कापसाच्या दिवसात महिन्यातून एकदा उघडावंच लागेल. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेव, नाहीतर उलटा फिरून बेअरिंग जाते. आणि स्कारमध्ये प्रोसेसरवर पेस्टच्या जागी लिक्विड मेटल (पातळ धातू) आहे, त्यामुळे साफसफाईच्या नादात हीटसिंक स्वतः उचलू नको, ते वाहून बोर्डावर गेलं की संपलं.

मिनी एलईडी पण तुझ्या कामाची वाटते. तू दिवसभर तेच सॉफ्टवेअर, तेच मेनू, एकाच जागेवर उघडे ठेवणार, ओलेडवर वर्षानुवर्षे तसं ठेवलं तर ठसा राहायची भीती असते. अंधारात सिनेमा पाहायला ओलेडसारखं काही नाही हे मात्र खरं, काळं म्हणजे अमावस्या.


संत्राबाग (वरुड)

वॉरंटीवर कोनी बोललं नाई म्हनून माह्या जुन्या लॅपटॉपचं सांगतो, कंपनी नाव नाई घेत. तीन वर्साची ऑनसाईट, म्हंजे इंजिनिअर घरी येनार, त्याचे वेगळे पैसे मोजले. मदरबोर्ड गेला, फोन लावला, तं ते म्हने सर तुमचा पिनकोड ऑनसाईटमधी बसत नाई, आनून द्या. आंबिया बहाराचं संत्र तोडनीले आलेलं, घरी मानसं, आन मी लॅपटॉप पोत्यात गुंडाळून यष्टीनं नागपूरले. दोन चकरा. पैसे द्याच्या आधी तुह्या गावच्या पिनकोडवर इंजिनिअर येते का हे ईमेलवर लिवून घे. फोनवर सगळेच हो म्हनतात.

आन ते १८ इंचीवाले पाहत असशीन तं सोडून दे. एलियनवेअरचा एरिया ५१ जो १८ इंची हाय तो सव्वाचार किलोच्या वर जाते, एमएसआयचा टायटन १८ साडेतीनच्या वर, अॅडॉप्टर वेगळा. सव्वाचार किलो म्हंजे बाई सकायच्या एका घंट्यात वेचते तेवढा कापूस, तो पाठीवर घेऊन दारव्ह्याहून पुन्याच्या ट्रॅव्हल्समधी रातभर बसशीन का?


पऱ्हाटी_प्लेयर

राजेहो, आठ दिवसानं लिवून राह्यलो. पहिले घरचंच पाह्यलं. झाकनावर मुंग्या येत होत्या, मले वाटे माहा भास हाय. बोर्ड खोलला तं मोठ्या पिनच्या मांगं खरंच काहीच नाई, मोकळी भोकं. इन्व्हर्टर साईनवेव्ह निंघाला पन बटन चार वर्सापासून इकोवर, लाईन गेली का राऊटर दरवेळी काहून बंद पडे ते आता समजलं. जुन्या लॅपटॉपचं झाकन उघडलं, अकोटवाल्या भाऊसारखी अख्खी पट्टी नाई निंघाली पन दोन वाती होतीन एवढं निंघालं. आता तो १२ डिग्री खाली चालून राह्यला, म्हंजे फुकटात काम झालं, आन बाबा म्हने मंग नवीन कायले पायजे.

त्यायले सीनची मेमरी समजावून सांगतली. म्हनलं बैल तगडा हाय पन बंडी ल्हान हाय, माल बसत नाई. हे पटलं.

५०९० डोक्यातून काढला. स्कार १६, ५०८०, पिनकोडचा ईमेल टाकला हाय, लेखी उत्तर आलं का बुकिंग. वाचलेल्या पैशातून प्रोटेक्टर आन अर्थिंग आन इन्व्हर्टरची नवीन बॅटरी. पन कापूस अजून घरातच हाय, बाबा म्हनतात भाव चढू दे, चुकारा हाती आला का मंगच, म्हनून कदाचित सेल निंघून जाईन.

@वायरमनचा_पोट्टा खड्डा किती खोल घेऊ? इकडं तीन फुटावर मुरूम लागते.


वायरमनचा_पोट्टा

मुरूम फोडा लागन, इलाज नाई. सहा-सात फूट तरी जा, मीठ कोयशाचे थर दे, आन मोरीचं पानी जाते त्या बाजूले घे म्हंजे बादली टाकाची आठवन नाई राह्यली तरी ओल राह्यते. खड्डा झाला का फोटो टाक, बुजवाच्या आधी.